वरची मर्यादा : लिव्हरपूलची पाच मुले आणि एका जुन्या औषधाचा हिशेब

८ जानेवारी १९९४ च्या अंकात ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने जेमतेम दोन पानांचा एक अहवाल छापला. लिव्हरपूलच्या ॲल्डर हे बालरुग्णालयातील रोझलिंड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला होता. सिस्टिक फायब्रोसिस हा आजार असलेली पाच मुले थोड्याथोड्या अंतराने रुग्णालयात आली होती. पाचही जणांचे आतडे अडले होते. शस्त्रक्रिया केली तेव्हा मोठ्या आतड्याचा उजवीकडून वर चढणारा भाग आक्रसलेला दिसला. आतड्याच्या भिंतीत तंतुमय ऊतक इतके माजले होते की आतली वाट बुजत चालली होती.

या आजाराच्या मुलांमध्ये असे काही होते, हे तोवर कुठल्याही पुस्तकात नोंदलेले नव्हते. डॉक्टरांनी पाचही मुलांचे कागद शेजारी शेजारी मांडून पाहिले. उपचारातला एकच बदल सर्वांच्या बाबतीत सारखा निघाला. साधारण वर्षभरापूर्वी त्यांच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल बदलल्या होत्या. औषध तेच होते, मात्र नव्या कॅप्सूलची ताकद जुनीच्या कितीतरी पट होती.

संशय घ्यायचा तो नेमक्या याच औषधावर, ही कल्पना पचायला जड होती. कारण हे औषध अर्धशतकभर या मुलांना जगवत आले होते. त्यातून पुढची तीन-चार वर्षे जे शोधकार्य झाले, त्याने मुलांच्या औषधोपचाराकडे पाहण्याची पद्धत बदलली. ती हकिकत नीट समजायची तर मागे १९३८ पर्यंत जावे लागते.

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो मुलाला होतो. पेशींच्या पृष्ठभागावरून क्षार आणि पाणी यांची ये-जा सांभाळणारे प्रथिन या आजारात बिघडलेले असते. त्यामुळे शरीरातले स्राव दाट आणि चिकट होतात. फुप्फुसांत कफ साचतो आणि जंतू तिथे मुक्काम ठोकतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात आणि पाचक रस आतड्यापर्यंत पोचत नाहीत. मूल भुकेले असते, भरपूर खाते, तरी अंगी लागत नाही. खाल्लेले तूप-लोणी न पचता शौचावाटे निघून जाते.

न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील पॅथॉलॉजिस्ट डोरोथी अँडरसन यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून १९३८ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्या काळी यातली बहुतेक मुले तान्हेपणीच दगावत. हाताशी एकच उपाय होता : डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क. त्यात मेद पचवणारे लायपेज आणि प्रथिने पचवणारी एन्झाइमे असतात. ज्या मुलाला हे रस स्वतः तयार करता येत नाहीत, त्याला ते जेवणाबरोबर बाहेरून द्यायचे, असा हा सरळ विचार होता आणि तो बरोबर होता.

त्याच १९३८ साली अमेरिकेत आणखी एक घटना घडली. आदल्या वर्षी ‘एलिक्झिर सल्फानिलमाइड’ नावाच्या पातळ औषधाने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला होता आणि त्यांत मुले पुष्कळ होती. औषध विरघळवण्यासाठी वापरलेला द्रव विषारी होता आणि विक्रीपूर्वी तो तपासण्याची सक्ती कुणावरच नव्हती. त्या हाहाकारानंतर कायदा झाला : नवे औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्यावा लागेल. पण जी औषधे आधीपासून दुकानांत होती त्यांना हा नियम लागला नाही. स्वादुपिंडाचा अर्क जुना होता, त्यामुळे तो या चाळणीतून सुटला. ज्या वर्षी आजाराला ओळख मिळाली, त्याच वर्षी त्याचे मुख्य औषध तपासणीच्या बाहेर राहिले आणि अमेरिकेत पुढची सुमारे सत्तर वर्षे तसेच राहिले. किती द्यावे याचा अंदाज अनुभवाने बांधला गेला. किती देऊ नये हे कुणी ठरवलेच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके आली आणि या मुलांचे आयुष्य वाढू लागले. तान्हेपणी जाणारी मुले शाळेत जाऊ लागली. आयुष्य वाढले तसा औषधाचा काळही वाढला. इतर मुलांना न्यूमोनियासाठी आठ-दहा दिवस मिळणारे औषध या मुलांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे मिळू लागले. त्यामुळे एखाद्या औषधाचा दीर्घकाळाने दिसणारा परिणाम अनेकदा सर्वांत आधी याच मुलांच्या शरीरावर उमटला.

टेट्रासायक्लिनचे उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात हे औषध या मुलांसाठी मोठा आधार होते. १९५६ मध्ये बोस्टनचे हॅरी श्वाचमन आणि त्यांचे सहकारी यांनी ते घेणाऱ्या मुलांच्या दातांचा रंग बदलत असल्याची नोंद केली. न्यूयॉर्कमध्ये दंततज्ज्ञ एडवर्ड झेगारेली यांनाही या मुलांचे पिवळट-तपकिरी दात दिसले. आधी वाटले की हा आजाराचाच एक भाग असावा. मग औषधाशी असलेला संबंध उलगडत गेला. हे औषध कॅल्शियमशी जोडले जाते आणि दात घडत असतानाच त्यांच्यात कायमचे उतरते. प्रौढ माणसाचे दात आधीच घडलेले असल्याने त्याच्यावर केलेल्या चाचणीत हे कळणे शक्यच नव्हते. आज आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देणे टाळतात. त्या नियमाच्या मुळाशी सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांचे डागाळलेले दात आहेत.

पुढे १९६० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल दीर्घकाळ घेतलेल्या काही मुलांची दृष्टी मंदावली, कारण डोळ्याच्या मज्जातंतूला सूज आली होती. कफ पातळ व्हावा म्हणून आयोडाइड देत, तर काही मुलांच्या गळ्याशी गलगंड दिसू लागला आणि थायरॉइड मंदावली. १९७६ मध्ये एक वेगळी सूचना मिळाली. स्वादुपिंडाच्या अर्काची मोठी मात्रा घेणाऱ्या मुलांच्या लघवीत युरिक ॲसिडचे प्रमाण वाढलेले आढळले, कारण अर्क प्राण्याच्या ऊतकापासून केलेला असतो आणि त्यातून ते तयार होते. म्हणजे इतकी वर्षे निर्धोक मानलेल्या या औषधालाही अति मात्रेत स्वतःचा एक त्रास होता. ही नोंद प्रसिद्ध झाली, वाचली गेली, पण तिच्यातून वरची मर्यादा निघाली नाही.

कारण त्याच सुमारास एन्झाइमच्या वाट्याला मोठे यश येत होते. जुन्या भुकटीची अडचण अशी होती की जठरातले आम्ल लायपेज नष्ट करी. चमचेच्या चमचे भुकटी खाऊनही आतड्यात पोचे ते थोडेच. म्हणून डॉक्टर मुलांना तूप, लोणी, तळलेले पदार्थ बंद करून कमी मेदाचा आहार देत. मुले हडकुळी राहत आणि अशक्त शरीराला फुप्फुसांचा संसर्ग झेपत नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आम्लात न विरघळणाऱ्या लेपाचे बारीक दाणे भरलेल्या कॅप्सूल आल्या. दाणे जठरातून सुखरूप पार होत आणि पुढे लहान आतड्यात उघडत.

कॅनडातल्या टोरोंटोच्या डॉक्टरांनी त्याआधीच वेगळी वाट धरली होती. मूल जे मागेल ते, मेदासकट, पोटभर खाऊ द्यायचे आणि ते पचवण्यापुरते एन्झाइम द्यायचे, असे त्यांचे धोरण होते. बोस्टनमध्ये मात्र आहारातला मेद कमी ठेवण्याची जुनी रीत चालू होती. दोन्ही केंद्रे नावाजलेली, फुप्फुसांवरचे उपचार जवळपास सारखे. १९८८ मध्ये दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. टोरोंटोत जगण्याचे मध्यक वय ३० वर्षे होते, बोस्टनमध्ये २१. टोरोंटोची मुले उंचीला आणि वजनालाही चांगली होती. नऊ वर्षांचा हा फरक पाहून जगभरच्या केंद्रांनी आहार बदलला. मुलांच्या ताटात लोणी, चीज, साय परत आली.

हा निर्णय योग्य होता आणि आजही तो कायम आहे. पण अधिक मेद म्हणजे अधिक एन्झाइम. मुलांना प्रत्येक जेवणाला मूठभर कॅप्सूल गिळाव्या लागू लागल्या. शाळेत डब्याबरोबर कॅप्सूल, वाढदिवसाच्या केकबरोबर कॅप्सूल. आईवडिलांना आणि मुलांना हा रोजचा जाच होता. औषध कंपन्यांनी त्यावर तोडगा काढला. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये लायपेजची साधारण ५,००० ते ८,००० युनिटे असत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २२,००० ते २५,००० युनिटांच्या कॅप्सूल बाजारात आल्या. चार कॅप्सूलचे काम एक करणार होती. मुलांची गिळण्यातून सुटका, असाच विचार त्यामागे होता आणि डॉक्टरांनी, कुटुंबांनी त्याचे स्वागत केले.

प्रत्यक्षात कॅप्सूलची संख्या अपेक्षेइतकी कमी झाली नाही. या आजारात स्वादुपिंडातून येणारा अल्कधर्मी रसही अपुरा असतो, म्हणून लहान आतड्याचा आरंभीचा भाग आम्लच राहतो. लेपाचे दाणे तिथे उघडायला हवेत, ते उशिरा उघडतात. काही मुलांचे शौच एवढे औषध घेऊनही तेलकटच राही. तेलकट शौच दिसले की आणखी एक कॅप्सूल, पोट दुखले की आणखी एक, अशी सवय रुजली. औषध नैसर्गिक, शरीरात मुळात असणारेच, मग थोडे जास्त झाले तर काय बिघडते, असा सार्वत्रिक समज होता. मात्रा वजनावर मोजण्याऐवजी लक्षणांवर वाढत गेली. पूर्वी एक कॅप्सूल वाढली तर ५,००० युनिटे वाढत, आता २५,००० वाढत होती.

लिव्हरपूलची पाच मुले या परिस्थितीत रुग्णालयात आली. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये आतडे तुंबणे नवे नाही. लहान आतड्याच्या शेवटी दाट, चिकट मळ अडकतो. त्यावर रेचके आणि आतडे धुऊन काढणारी औषधे द्यायची आणि पचन कमी पडते आहे असे समजून बहुधा एन्झाइमही वाढवायचे, ही तेव्हाची प्रचलित रीत होती. या मुलांनाही सुरुवातीला तेच झाले असावे असे डॉक्टरांना वाटले. पण मुले नेहमीच्या उपचारांना दाद देईनात. बालशल्यचिकित्सक डेव्हिड लॉइड यांना आतड्याचा आक्रसलेला भाग कापून काढावा लागला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात अडकलेला मळ नव्हे, तर भिंतीच्या आतल्या थरांत माजलेले तंतुमय ऊतक दिसले.

इथे स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठेपण दिसते. पाच हा आकडा लहान आहे. आणखी वीस रुग्ण जमेपर्यंत थांबू, असे त्यांना म्हणता आले असते. औषध बदलल्याचा योगायोगही असू शकतो, असे म्हणून विषय मिटवता आला असता. त्यांनी ते केले नाही. खात्रीचा दावा न करता, पण जोडीने दिसणाऱ्या दोन गोष्टी स्पष्ट नोंदवून त्यांनी अहवाल छापून टाकला. इतर केंद्रांतल्या डॉक्टरांनी तो वाचून आपापल्या नोंदी उघडल्या आणि ब्रिटनमधून, डेन्मार्कमधून, अमेरिकेतून तशीच वर्णने येऊ लागली. विकाराला ‘फायब्रोसिंग कोलोनोपॅथी’ हे नाव मिळाले. पाच मुलांचा अहवाल छापला गेल्यामुळे किती मुलांची आतडी वाचली हे मोजता येणार नाही, पण ती वाचली हे नक्की.

अमेरिकेत १९९४ मध्येच २०,००० पेक्षा जास्त युनिटांच्या कॅप्सूल बाजारातून मागे घेतल्या गेल्या. मात्र नेमके काय बाधले, यावर मतभेद होते. ब्रिटनमध्ये आढळलेल्या १४ रुग्णांचा अभ्यास १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. पँक्रीझ एचएल आणि न्यूट्रिझिम २२ या दोन कॅप्सूलशी विकाराचा संबंध दिसला, क्रिऑन २५००० या तितक्याच ताकदीच्या कॅप्सूलशी दिसला नाही. पहिल्या दोहोंच्या लेपात मेथॅक्रिलिक ॲसिडचे एक बहुवारिक होते, तिसऱ्यात नव्हते. म्हणून काहींचे बोट एन्झाइमकडून लेपाकडे वळले. शिवाय मुलग्यांना, आजार तीव्र असलेल्यांना आणि सोबत रेचके घेणाऱ्यांना धोका अधिक असल्याचे दिसले.

ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने हा वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. लेपाचा संशय असलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना देऊ नयेत, कोणत्याही कंपनीचे एन्झाइम असले तरी लायपेजची मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे सहसा १०,००० युनिटांपुढे जाऊ नये आणि पोटाचे नवे लक्षण दिसले तर मोठ्या आतड्याला इजा झालेली नाही ना याची खात्री करावी, असा सल्ला तिने दिला. अमेरिकी तज्ज्ञही १९९५ मध्ये जवळपास याच आकड्यांपर्यंत आले : एका जेवणाला दर किलोमागे २,५०० युनिटांपर्यंत आणि दिवसाला १०,००० च्या आत. पन्नासहून अधिक वर्षे वापरात असलेल्या औषधाला अशी पहिल्यांदा वरची मर्यादा मिळाली.

ती योग्य होती याचा भक्कम पुरावा १९९७ मध्ये आला. अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनकडे १९६० च्या दशकापासून रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. देशभरची केंद्रे आपापल्या रुग्णांचे वजन, उंची, फुप्फुसांची क्षमता, औषधे, गुंतागुंत अशी माहिती दरवर्षी तिच्यात भरतात. फाउंडेशनमधील साथरोगतज्ज्ञ स्टेसी फिट्झसिमन्स आणि सहकाऱ्यांनी आतडे आक्रसलेले २९ रुग्ण घेतले, त्यांच्याशी जुळणारे १०५ निरोगी आतड्यांचे रुग्ण घेतले आणि दोन्ही गटांनी घेतलेले एन्झाइम मोजले. विकार झालेल्या मुलांची सरासरी मात्रा दिवसाला दर किलोमागे ५०,०४६ युनिटे होती, तर इतरांची १८,९८५. दर किलोमागे २४,००० पर्यंत युनिटे घेणाऱ्यांच्या तुलनेत २४,००० ते ५०,००० घेणाऱ्यांचा धोका सुमारे ११ पट होता. ५०,००० च्या पुढे तो सुमारे २०० पट होता.

या आकड्यांचा घरगुती अर्थ लावून पाहावा. २० किलो वजनाच्या, म्हणजे साधारण सहा वर्षांच्या मुलाला दर किलोमागे ५०,००० युनिटे म्हणजे दिवसाला १० लाख युनिटे, २५,००० युनिटांच्या ४० कॅप्सूल. मर्यादेत राहायचे तर त्याच मुलाला दिवसाला २ लाख युनिटे, म्हणजे ८ कॅप्सूल पुरायला हव्यात. लेपाचा दोष किती आणि एन्झाइमचा किती, हा वाद पुढेही चालला. पण मर्यादा पाळली जाऊ लागली आणि हा विकार दुर्मीळ झाला. त्यासाठी टोरोंटोचा धडा सोडावा लागला नाही. मुले साय-लोणी खातच राहिली. शौच तेलकट राहिले तर कॅप्सूल वाढवण्याआधी डॉक्टर वेगळे प्रश्न विचारू लागले : औषध जेवणाबरोबर वेळेवर घेतले जाते का, जठरात आम्ल जास्त आहे का, दुसरा एखादा आजार आहे का?

याच काळात याच आजाराच्या मुलांवर दुसरी कसोटी चालू होती. १९८५ मध्ये बोस्टनहून एक आशादायक अभ्यास आला. ४५ मुलांवर चार वर्षे प्रयोग करून असे दिसले की एक दिवसाआड प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिल्यास फुप्फुसे चांगली राहतात, वजन-उंची सुधारते, आणि स्टेरॉइडचे दुष्परिणामही आढळले नाहीत. मग मोठी चाचणी आखली गेली. तिच्यात ६ ते १४ वर्षांची २८५ मुले होती. दर किलोमागे २ मिलिग्रॅम घेणाऱ्या गटात मोतीबिंदू, खुंटलेली वाढ आणि रक्तातील साखरेचे बिघाड दिसू लागले, तेव्हा तो गट मुदतीआधीच थांबवावा लागला. १ मिलिग्रॅमच्या गटातही पुढे वाढ मंदावली. फुप्फुसांना फायदा होत होता, पण त्याची किंमत हाडे मोजत होती.

चाचणी संपली तरी मुलांचा माग सोडला नाही, ही त्या संशोधकांची पुण्याई. औषध बंद झाल्यावर उंची भरून निघेल अशी आशा होती. मुलींची बरीचशी भरून निघाली. मुलग्यांची निघाली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात १८ वर्षे ओलांडलेले, प्रेडनिसोन घेतलेले तरुण औषधाविना वाढलेल्या तरुणांपेक्षा सरासरी सुमारे ४ सेंटिमीटरने बुटके निघाले. औषध केव्हाच थांबले होते, पण त्याचा परिणाम कायमचा राहिला होता. चार वर्षांच्या अभ्यासात न दिसलेली गोष्ट दहा-बारा वर्षांच्या पाठपुराव्याने दाखवली.

लिव्हरपूलच्या अहवालाचे एक लेखक ॲलन स्मिथ पुढे याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने वळले. फुप्फुसांच्या संसर्गावर टोब्रामायसिन शिरेतून वारंवार द्यावे लागते. ते कानांना आणि मूत्रपिंडांना जपून द्यावे लागणारे औषध. २००५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की दिवसातून तीनदा देण्याऐवजी तेवढेच औषध एकदाच दिले तरी गुण तितकाच येतो आणि मुलांच्या मूत्रपिंडांना इजा कमी होते. औषध तेच, मात्राही तीच, केवळ वेळापत्रक बदलून ते अधिक सुरक्षित झाले. दीर्घकालीन सुरक्षिततेचा अभ्यास म्हणजे औषधे काढून घेणे, असा गैरसमज असतो. त्याचे हे उत्तर आहे.

अमेरिकेतली १९३८ ची पळवाट अखेर २००४ मध्ये बुजवायला सुरुवात झाली. स्वादुपिंडाच्या एन्झाइमची प्रत्येक कॅप्सूल विकण्यासाठी परवाना घ्यावा लागेल, गुणवत्ता आणि सुरक्षितता सिद्ध करावी लागेल, असे अमेरिकी औषध प्रशासनाने जाहीर केले. २००९ मध्ये क्रिऑनला मान्यता मिळाली. २०१० नंतर मान्यता नसलेली जुनी उत्पादने विकता येईनात. आजाराला नाव मिळाल्यापासून ७१ वर्षांनी त्याच्या पहिल्या औषधाची रीतसर तपासणी झाली.

आज सिस्टिक फायब्रोसिसच्या इतिहासातले सर्वांत मोठे यश आपल्यासमोर आहे. २०१२ मध्ये इव्हाकॅफ्टर आले. लक्षणांवर इलाज करण्याऐवजी बिघडलेल्या प्रथिनालाच कामाला लावणारे ते पहिले औषध. २०१९ मध्ये इलेक्साकॅफ्टर, टेझाकॅफ्टर आणि इव्हाकॅफ्टर असे तीन घटकांचे औषध अमेरिकेत १२ वर्षांवरील रुग्णांसाठी मान्य झाले, २०२१ मध्ये ६ वर्षांपासून आणि २०२३ मध्ये २ वर्षांपासून. खोकल्याने रात्र रात्र जागणारी मुले शांत झोपू लागली, फुप्फुसप्रत्यारोपणाच्या यादीतून रुग्णांची नावे निघू लागली. हा आनंद खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे काहीही कारण नाही.

पण दोन वर्षांचे मूल हे औषध सुरू करते तेव्हा ते साठ-सत्तर वर्षे घेण्याच्या अपेक्षेने करते. तितका अनुभव जगात अजून कुणाकडेच नाही. काही खुणा मात्र नोंदल्या गेल्या आहेत. उंदरांच्या पिल्लांत इव्हाकॅफ्टरने मोतीबिंदू झाला आणि हे औषध घेणाऱ्या काही मुलांच्या डोळ्यांतील भिंग धुरकट झाल्याचे आढळले, म्हणून मुलांची डोळ्यांची तपासणी आधी आणि नंतरही करायला सांगतात. यकृताच्या चाचण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेत तीन घटकांच्या औषधाच्या माहितीपत्रकावर यकृताला होणाऱ्या गंभीर इजेचा इशारा ठळक चौकटीत आला. झोप आणि मनःस्थिती यांतील बदलांच्याही नोंदी होत आहेत. यातली एकही गोष्ट औषध टाळण्याचे कारण नाही. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवण्याचे कारण मात्र आहे.

भारतात हा आजार नाही, असे एकेकाळी मानले जाई. तो आहे. मात्र वारंवार होणारा न्यूमोनिया, दमा, क्षय किंवा कुपोषण समजून वर्षानुवर्षे दुसरेच उपचार होत राहतात आणि निदान उशिरा होते. घामातील क्षार मोजण्याची साधी चाचणी मोजक्याच ठिकाणी विश्वासार्हपणे होते. बाजारात आली तेव्हा अमेरिकेत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर किंमत असलेली नवी औषधे आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यामुळे इथल्या मुलाचे आयुष्य आजही मुख्यतः जुन्याच औषधांवर, म्हणजे एन्झाइम आणि प्रतिजैविके यांवर अवलंबून आहे. १९९४ ते १९९७ चा धडा आपल्यासाठी म्हणूनच जुना झालेला नाही. आपल्या औषध दुकानांतही १०,००० आणि २५,००० असे आकडे छापलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. तो आकडा लायपेजच्या युनिटांचा आहे. एक मिळाली नाही म्हणून दुसरी तितक्याच संख्येने द्यायची, असे चालत नाही.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी एक वही ठेवावी. मुलाचे वजन, दिवसभरातल्या कॅप्सूल, प्रत्येक कॅप्सूलची युनिटे आणि दर किलोमागे होणारी एकूण मात्रा तिच्यात लिहावी आणि प्रत्येक भेटीत ती डॉक्टरांसमोर ठेवावी. मात्रा स्वतःहून वाढवू नये. तितकेच महत्त्वाचे, भीतीपोटी ती बंदही करू नये, कारण एन्झाइमवाचून मूल वाढणार नाही. पोट फुगणे, दुखणे, शौचात रक्त किंवा बदल दिसला तर ते त्याच दिवशी सांगावे. डॉक्टरांनीही एखाद-दुसऱ्या रुग्णातली विपरीत घटना लहान म्हणून सोडू नये, राष्ट्रीय औषध सतर्कता कार्यक्रमाला कळवावी. आणि सरकारने या मुलांची देशपातळीवरची कायमस्वरूपी नोंदवही चालवावी, जिच्यात प्रत्येक मूल लहानपणापासून प्रौढपणापर्यंत दिसत राहील. फिट्झसिमन्स यांना १९९७ मध्ये उत्तर सापडले, कारण मुलांच्या नोंदी तीस वर्षे कुणीतरी नेमाने ठेवल्या होत्या. मुलांना आयुष्यभर द्यायच्या औषधाची सुरक्षितता ठरवण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही.